चुकलेली रांग

जे तर्काने मानले ते डोळ्यांना दिसेपर्यंत खरे धरावे की नाही, हा वाद फार जुना आहे. धातुविज्ञानात तो प्रश्न बावीस वर्षे तिष्ठत राहिला.

स्फटिकातील अणू शिस्तीने मांडलेले असतात, हे १९१२ साली लाऊए यांच्या क्ष-किरण प्रयोगाने व पुढे ब्रॅग पितापुत्रांच्या कार्याने सिद्ध झाले. परंतु काचेवर उमटत ते केवळ ठिपके. मांडणी गणिताने काढावयाची. तीही असंख्य रांगांची सरासरी! एखादीच रांग चुकली असेल, तर तिचा पत्ता लागत नसे.

आणि महत्त्व होते ते त्या चुकलेल्या रांगेलाच. मऊ धातूचा शुद्ध स्फटिक हिशेबाच्या शेकडो पटींनी कमी जोराने वाकतो. असे का व्हावे? १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. स्फटिकातील एखादी पातळी मध्येच संपलेली असते. जड जाजम एकदम ओढू गेल्यास हलत नाही. पण कडेला वळी पाडून ती पुढे लोटीत नेली, की जाजम सहज सरकते. ही उणीवही स्फटिकातून तशीच सरकते.

उत्तर पटण्यासारखे होते, पण पाहावयाचे कसे? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ सालीच जन्मला होता. तरी १९५०च्या सुमाराच्या यंत्रांना धातूंतील दोन-अडीच अँगस्ट्रॉम अंतराच्या पातळ्या वेगळ्या दिसत नसत. केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथील प्रयोगशाळेत जेम्स मेंटर यांनी पदार्थच बदलला. प्लॅटिनम थॅलोसायनीनच्या स्फटिकात पातळ्यांमधील अंतर सुमारे १२ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका मिलिमीटरात आठ लाखांहून अधिक पातळ्या. १९५६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत समांतर रेघा स्पष्ट दिसल्या. रेघांमधील अंतरास यंत्राच्या वर्धनाने भागले, तो क्ष-किरणांनी आधीच मोजलेला आकडा आला. आणि क्वचित एखादी रेघ मध्येच संपलेली होती! त्याच वर्षी केंब्रिजमध्ये हिर्श, होर्न व व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात अशा उणिवा प्रत्यक्ष सरकताना पाहिल्या.

मात्र त्या रेघा म्हणजे अणूंची ओळ नव्हे. स्फटिकातून सरळ गेलेल्या व वळलेल्या इलेक्ट्रॉन-लहरी एकत्र येऊन त्या उमटतात. यंत्राची जुळणी किंचित बदलली तरी रेघ जागा सोडते. अंतर विश्वासार्ह, पण रेघेच्या जागीच अणू आहे असे म्हणता येत नाही.

म्हणजे तर्काला डोळ्यांची साक्ष लागली हे खरे; पण ती साक्ष वाचावयास पुन्हा तर्कच लागला. विज्ञानात या दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही.