उंदराची मिरवणूक, झाडूला हार : इंदूरच्या नगररचनेचे एक विस्मृत पान

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यांवरून गिरणी कामगारांच्या झाँक्या निघतात. त्या पाहायला माळव्यातून माणसे लोटतात. मिरवणुकीचे हे वेड या शहराच्या अंगातच आहे. शंभर वर्षांपूर्वी याच वेडाचा उपयोग एका परदेशी पाहुण्याने शहराच्या साफसफाईसाठी करून घेतला होता. गटारे, नाल्या, कचरा आणि प्लेग हे त्या मिरवणुकीचे विषय होते, आणि तिच्यात मानाचे स्थान झाडू मारणाऱ्यांना होते.

या पाहुण्याचे नाव पॅट्रिक गेडीस. जन्म 1854 चा, स्कॉटलंडचा. मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. एडिंबरोच्या जुन्या वस्तीत स्वतः राहायला जाऊन त्याने तेथील मोडकी घरे दुरुस्त करविली होती. 1914 मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने अनेक शहरांचे अहवाल लिहिले. त्यांत बडोद्याचाही अहवाल आहे. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत तो इंदूरला आला. होळकर दरबाराला सादर केलेला त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये छापला गेला. मंदसोरच्या तहानंतर, 1818 मध्ये, इंदूर होळकरांची राजधानी झाले. त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. शंभर वर्षांत छावणी, पेठा आणि बाजार वाढत गेले होते. गिरण्या आल्या, माणसे आली. पाणी आणि सांडपाणी यांची सोय मात्र त्या वेगाने वाढली नव्हती.

त्यात प्लेग. 1896 मध्ये मुंबईत शिरलेला हा रोग पुढे देशभर फिरला. पुण्यात 1897 साली गोऱ्या सोजिरांकरवी घरांची झडती घेण्यात आली, देवघरापर्यंत बूट गेले, आणि त्या संतापातून रँडचा वध झाला, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे नंतर सिद्ध झाले. म्हणजे खरा उपाय घरातला आणि गल्लीतला होता. उंदरांची बिळे बुजवायची, कचरा हलवायचा, अंधाऱ्या खोल्यांत उजेड आणायचा. हे काम घरच्या माणसांवाचून कोण करणार? सक्तीने ते होत नाही, हा धडा पुण्याने दिलाच होता.

गेडीस हातात नकाशा घेऊन गल्ल्या पायी हिंडत असे. त्याने स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याला पाहून लोक दूर सरत. हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, असे त्यांना वाटे. नकाशावाला साहेब आला की घर पडणार, ही भीती त्यामागे होती. तेव्हा त्याने एक युक्ती काढली. एका दिवसापुरती महाराजांची सत्ता मागून घेतली आणि दिवाळीची मोठी मिरवणूक जाहीर केली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते अधिक नीटनेटके करतील, त्या भागातून ती जाणार होती. मग काय, गल्लोगल्ली रंगरंगोटी सुरू झाली, अंगणातले ढिगारे निघाले, गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. शिवाय घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घातलेले झाडू घेऊन चालले. पुढच्या रथांवर भावी शहराची दृश्ये होती : बागा, चांगली घरे, ग्रंथालय. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. घरोघरी तुळशीची रोपे वाटण्यात आली, कारण जिथे तुळस आहे तिथे अंगण स्वच्छ राहते, हे त्याने बरोबर हेरले होते.

मिरवणुकीची ही गोष्ट गोड आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर अहवालाचा गाभा हातून सुटेल. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याला गेडीसचा विरोध होता. अगदी पडीक घर तेवढे काढावे, तिथे मोकळा चौक ठेवावा, विहीर आणि झाड वाचवावे, बाकीची घरे दुरुस्त करावी, अशी त्याची रीत. पाडापाडीने गरीब माणूस बेघर होतो आणि शेजारच्या वस्तीत आणखी दाटी करतो, हे त्याचे म्हणणे होते. सांडपाण्याबाबतही तो इंजिनियरांशी भांडला. शहरभर बंद गटारांची महागडी योजना आखण्यापेक्षा मैला आणि सांडपाणी जमिनीला द्यावे, त्यावर बागा आणि भाजीपाला पिकवावा, असे त्याचे मत होते. नद्यांना गटार करू नये, काठांवर बागा असाव्यात, असा त्याचा आग्रह होता.

यातले किती बरोबर ठरले? शहर वाढले, मळ्यांवर वसाहती उठल्या, आणि सांडपाणी खान व सरस्वती या नद्यांत गेले. कित्येक पिढ्यांनी खान नदीला नालाच म्हटले. जमिनीला सांडपाणी देण्याची कल्पना जमीन मोकळी असेपर्यंतच चालणारी होती. बंद गटारे शेवटी लागलीच. आणि ज्या झाडूंना हार घातले गेले, त्यांचे काय? दुसऱ्या दिवशी मैला वाहण्याचे काम त्याच हातांकडे राहिले. माणसाकडून मैला उचलून घेण्याला बंदी करणारा कायदा व्हायला 1993 साल उजाडले, अधिक कडक कायदा 2013 मध्ये आला. आजही देशात गटारात उतरून माणसे मरतात. एका दिवसाचा सन्मान यंत्राची, मोज्यांची आणि पगाराची जागा घेऊ शकत नाही.

तरीही गेडीसचा मुख्य मुद्दा टिकला. नगरपालिकेची योजना कागदावर कितीही उत्तम असो, घरातला माणूस सामील झाल्याशिवाय ती गल्लीत उतरत नाही. 2017 मध्ये इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढे सलग ठरत राहिले. त्यात महापालिकेच्या गाड्या आणि सफाई कामगार यांच्याइतकाच ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घरांचा वाटा आहे. 2021 मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थापनासाठी ‘वॉटर प्लस’ हा दर्जा मिळविणारे हे पहिले शहर ठरले. नद्यांचे काम मात्र अजून संपलेले नाही.

गेडीस येथून मुंबईला गेला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची सुरुवात त्याच्याकडून झाली, आणि त्याच्यानंतर ती धुरा मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळली.

आपल्या उत्सवातही मिरवणूक आहे, आणि बाप्पाच्या पायाशी उंदीरही आहे. मांडव उतरल्यावर रस्ता कोण झाडतो, त्याच्या हातात काय असते आणि निर्माल्य कुठे जाते, एवढे तीन प्रश्न प्रत्येक मंडळाने आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीचे उरलेले काम तेवढेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!