अली विरुद्ध फ्रेझर : दोन शैलींतून घडलेली स्पर्धा

मोहम्मद अली आणि जो फ्रेझर हे दोन अमेरिकन मुष्टियोद्धे १९७१ ते १९७५ या काळात तीन वेळा समोरासमोर आले. पहिली लढत फ्रेझरने जिंकली, उरलेल्या दोन अलीने. हेवीवेट गटातील सर्वांत गाजलेली स्पर्धा म्हणून आजही तिचाच उल्लेख होतो. अलीची जिभेची धार, व्हिएतनाम युद्धामुळे दुभंगलेला अमेरिकन समाज आणि त्या काळी थक्क करणारे मानधन ही तिच्या प्रसिद्धीची कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत; मात्र वैर आणि गाजावाजा यांतून प्रेक्षक जमतो, लढत घडत नाही. कुस्तीच्या मैदानात जोड लावताना जाणकार मंडळी मल्लांच्या वजनाबरोबर त्यांच्या खेळाचाही विचार करतात, कारण दोन चांगले मल्ल एकत्र आले म्हणजे कुस्ती चांगली होतेच असे नाही. अली-फ्रेझर ही जोड अशी होती की, एकाच्या बलस्थानाचा आघात नेमका दुसऱ्याच्या उणिवेवर होत असे.

दोन देह, दोन पद्धती

अलीचा जन्म १९४२ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झाला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने लाइट हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले. सुमारे १९१ सेंटीमीटर उंची आणि १९८ सेंटीमीटर हातांचा पल्ला या देणगीवर त्याची शैली उभी होती. तो हात कंबरेपाशी सैल सोडून रिंगणात सतत फिरत राही. डाव्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, म्हणजे जॅब, मारून तो प्रतिस्पर्ध्याला लांब ठेवी. समोरून ठोसा आला की हात वर न नेता तो डोकेच मागे खेची. मुष्टियुद्धाच्या रूढ शिकवणीनुसार ही चूक होती. परंतु अलीच्या पायांत आणि नजरेत इतका वेग होता की ती चूक वर्षानुवर्षे कोणाला पकडता आली नाही.

फ्रेझर १९४४ साली साउथ कॅरोलिनातील ब्यूफोर्ट येथे जन्मला आणि फिलाडेल्फियात घडला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकले. उंची सुमारे १८२ सेंटीमीटर आणि पल्ला १८५ सेंटीमीटर, म्हणजे अलीपेक्षा तब्बल १३ सेंटीमीटर कमी. लांबून लढणे त्याला परवडणारेच नव्हते. त्यामुळे कंबरेतून वाकत, डोके डावी-उजवीकडे झुलवत, समोरच्याच्या ठोशांखालून आत शिरायचे आणि छातीला छाती भिडवून बरगड्यांवर व जबड्यावर प्रहार करायचे, ही त्याची पद्धत झाली. कोपर वाकवून बाजूने कमानीत येणारा डाव्या हाताचा ठोसा, म्हणजे लेफ्ट हूक, हे त्याचे ब्रह्मास्त्र. लहानपणीच्या दुखापतीमुळे आपला डावा हात पूर्ण सरळ होत नसे, असे त्याने नंतर सांगितले आहे. जी उणीव ती हूकच्या मात्र पथ्यावर पडली.

उणीव उणिवेला भिडते तेव्हा

या स्पर्धेचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. समोरचा योद्धा वाकून, डोके खाली ठेवून आत येत असेल, तर त्याला रोखण्याचे स्वाभाविक शस्त्र म्हणजे अपरकट, खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा. अलीला तो मोह होणार हे उघड होते. पण उजव्या हाताने अपरकट मारायचा तर तो हात गालापासून खाली न्यावा लागतो. त्या क्षणार्धात जबड्याची उजवी बाजू उघडी पडते आणि फ्रेझरचा लेफ्ट हूक नेमका त्याच बाजूला येतो. प्रशिक्षक एडी फच यांनी ही खोट हेरली होती. अलीचा उजवा हात अपरकटसाठी खाली गेला रे गेला की हूक सोडायचा, असे त्यांनी फ्रेझरला बजावले होते.

दुसरा मुद्दा डोके मागे खेचण्याचा. सरळ येणाऱ्या ठोशापासून मागे झुकून वाचता येते. बाजूने कमानीत येणारा हूक झुकलेल्या डोक्यालाही गाठू शकतो. शिवाय पाठ दोरांना टेकलेली असेल तर मागे झुकायला जागा उरत नाही. डोके हलते, धड तेवढे हलत नाही; म्हणून बरगड्यांवर मारा करून अलीचे पाय जड करायचे, हा फ्रेझरच्या डावपेचांचा पाया होता.

पहिली लढत : न्यूयॉर्क, ८ मार्च १९७१

सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे १९६७ साली अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले आणि साडेतीन वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. ऑक्टोबर १९७० मध्ये परतल्यानंतर फ्रेझरला भिडण्यापूर्वी त्याने दोनच लढती खेळल्या. दरम्यान फ्रेझर जगज्जेता झाला होता. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते समोरासमोर आले तेव्हा अली ३१ लढतींत आणि फ्रेझर २६ लढतींत अपराजित होता. प्रत्येकाला २५ लाख डॉलर मिळणार होते.

सुरुवातीच्या फेऱ्यांत अलीचे जॅब फ्रेझरच्या चेहऱ्यावर सतत आदळत होते. परंतु पूर्वीसारखे पंधरा फेऱ्या नाचत राहण्याची ताकद आता त्या पायांत नव्हती. तो दोरांना टेकून विसावू लागला आणि फ्रेझरला हवे असलेले अंतर त्याला आपोआप मिळाले. अकराव्या फेरीत एका हूकने अली डळमळला. पंधराव्या फेरीत तशाच एका हूकने तो पाठीवर कोसळला. तो लगेच उठला आणि लढत पूर्ण केली; पण पंच व दोन्ही परीक्षकांनी एकमताने फ्रेझरला विजयी ठरवले. अलीचा हा व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव. विजेत्यालाही पुढे काही काळ रुग्णालयात काढावा लागला.

दुसरी लढत : मिठीचे शस्त्र

२८ जानेवारी १९७४ रोजी त्याच रिंगणात दुसरी, बारा फेऱ्यांची लढत झाली. तेव्हा जगज्जेतेपद जॉर्ज फोरमनकडे होते. अलीने या वेळी एक रूक्ष, पण अचूक तोडगा शोधला होता. दोन-तीन वेगवान ठोसे मारायचे आणि फ्रेझर आत शिरताच त्याला मिठीत घ्यायचे. एका हाताने त्याची मान खाली दाबायची आणि पंचाने सोडवेपर्यंत थांबायचे. फ्रेझरच्या शैलीला लय लागते. झुलत आत यायचे, एकापाठोपाठ एक प्रहार करायचे, थकवायचे. मिठीमुळे ती लय प्रत्येक वेळी तुटत राहिली. फ्रेझरच्या कोपऱ्यातून या पकडीबद्दल तक्रार झाली, परंतु निकाल एकमताने अलीकडे गेला. प्रेक्षणीयतेत ही लढत तिघींत उणी. डावपेच म्हणून कदाचित सर्वांत शिकण्यासारखी.

तिसरी लढत : मनिला, १ ऑक्टोबर १९७५

तोवर अली पुन्हा जगज्जेता झाला होता. फिलिपिन्समधील ही लढत अमेरिकन दूरचित्रवाणीच्या वेळेसाठी सकाळी सुरू झाली. सभागृहात असह्य उकाडा होता. फ्रेझर संपला आहे असे गृहीत धरून अलीने सुरुवातीलाच पाय रोवून जोरकस ठोसे मारले. फ्रेझर हादरला, पण मागे हटला नाही. मिठीचा जुना उपाय या वेळी तितकासा चालला नाही, कारण पंच कार्लोस पॅडिला हे अलीचा मानेवरचा हात वारंवार झटकून टाकत होते. मधल्या फेऱ्यांत फ्रेझरने अलीला दोरांपाशी कोंडून बरगड्यांवर मारा केला. अकराव्या फेरीनंतर पारडे फिरले. अलीचे सरळ ठोसे फ्रेझरच्या सुजलेल्या चेहऱ्यावर पडत राहिले. तेराव्या फेरीत त्याचे दंतकवच उडून बाहेर पडले. चौदावी फेरी संपली तेव्हा फ्रेझरला समोरून येणारे ठोसे धड दिसतही नव्हते.

डोके पुढे करूनच आत शिरणाऱ्या योद्ध्याची नजर गेली तर त्याची शैलीच त्याच्या जिवावर उठते. फच यांनी हे ओळखले आणि फ्रेझर विरोध करत असतानाही लढत थांबवली. शेवटची फेरी खेळलीच गेली नाही.

श्रेष्ठ कोण, या प्रश्नाची मर्यादा

या काळातील आणखी एक लढत पाहिल्याशिवाय शैलीचे महत्त्व पुरते कळत नाही. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. उंच, दणकट फोरमन आत येणाऱ्या फ्रेझरला दोन्ही हातांनी मागे ढकली आणि योग्य अंतरावर आणून प्रहार करी. अलीच्या बाबतीत उपयोगी पडणारी आत शिरण्याची पद्धत येथे फ्रेझरला थेट संकटात नेत होती. त्याच फोरमनला अलीने ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे दोरांना टेकून दमवले आणि आठव्या फेरीत बाद केले. केन नॉर्टनने १९७३ साली अलीचा जबडा मोडून त्याला हरवले, पण पुढच्याच वर्षी फोरमनसमोर तो दोन फेऱ्याच टिकला. फ्रेझरने अलीला हरवले, फोरमनने फ्रेझरला चिरडले, अलीने फोरमनला नमवले. या वर्तुळाची सरळ रांग करता येत नाही. ‘कोण श्रेष्ठ’ यापेक्षा ‘कोणासमोर कोण’ हा प्रश्न मुष्टियुद्धात अधिक अर्थपूर्ण आहे.

शब्दांचा डाव आणि त्याची किंमत

अलीच्या डावपेचांत शब्दही होते. प्रतिस्पर्ध्याला डिवचून त्याचा तोल घालवणे ही त्याची जुनी रीत. फ्रेझरवर मात्र तिचा उलटा परिणाम झाला. बंदीच्या काळात अलीला परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझरने त्याची बाजू घेतली होती. त्यालाच अलीने गोऱ्यांचा हस्तक म्हटले, गोरिला म्हटले. या अपमानाने फ्रेझर खचला नाही. तो अधिक निर्धाराने पुढे येत राहिला. रिंगणातला हिशेब चार वर्षांत मिटला, मनातला अनेक दशके मिटला नाही. २००१ साली अलीने त्या शब्दांबद्दल जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

मनिलानंतर दोघेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. फ्रेझर पुढच्या वर्षी फोरमनकडून पुन्हा हरला आणि निवृत्त झाला. १९८१ मधील एका बरोबरीपुरता तो परतला. अली १९८१ पर्यंत खेळत राहिला आणि १९८४ साली त्याला पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. फ्रेझर २०११ साली आणि अली २०१६ साली निवर्तला.

या लढतींची चित्रफीत पाहणाऱ्याने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे : अलीची पाठ दोरांपासून किती दूर आहे, त्याचा उजवा हात केव्हा खाली जातो आणि फ्रेझरचे डोके कोणत्या लयीत झुलते आहे. पुढच्या क्षणी काय होणार, हे बहुधा त्यावरून आधीच कळते. मनिलाच्या चौदाव्या फेरीअखेर मात्र नजर फ्रेझरच्या कोपऱ्याकडे न्यावी. उरलेल्या तीन मिनिटांत आपला योद्धा कदाचित जिंकूही शकेल, हे ठाऊक असूनही एक प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवतो आहे. त्या दिवशी त्या रिंगणात घेतला गेलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.