वंगण, चुंबक आणि बहूबाजार

आजचा विषय आहे तेलाचा पातळ थर. माझी बरीच नोकरी लष्कराच्या दुरुस्ती वर्कशॉपमध्ये गेली. तिथे इंजिन उघडलं की पहिली नजर बेअरिंगवर जायची. तेल आटलं की शाफ्ट जाम होतो आणि गाडी नको तिथे उभी राहते.

हा थर नेमकं काय करतो, ते १८८३ साली कळलं, तेही योगायोगाने. बीचम टॉवर नावाचे इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं! लाकडी बूच ठोकलं, तेही वर सरकलं. दाबमापक लावला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. म्हणजे हवेच्या दाबाच्या तेरा-चौदा पट. शाफ्ट धातूवर टेकलेला नव्हताच, तो तेलावर तरंगत होता.

१८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि तो दाब वजन पेलतो. पण वेग नाही तर दाबही नाही. यंत्र सुरू होताना आणि थांबताना धातूवर धातू घासतोच. शिवाय तेल गळून जातं, ते वेगळंच.

मग चुंबकाने तेल जागेवर धरता येईल का? १९६३ मध्ये नासाचे स्टीव्हन पॅपेल यांनी असा द्रव बनवला. त्यांना तो रॉकेटच्या इंधनासाठी हवा होता, कारण वजनरहित अवस्थेत इंधन पंपाकडे ओढायचं होतं. लोहखनिजाचे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे कण, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलेइक आम्लाचं आवरण. पुढच्याच वर्षी न्यूरिंगर आणि रोझेन्स्वाइग यांनी या द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं दिली. मग वंगणाच्या अभ्यासकांनी रेनॉल्ड्सच्या समीकरणात चुंबकी दाबाचं पद जोडलं. आपल्याकडे गुजरातेत, वल्लभ विद्यानगरच्या गणितज्ञांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं.

त्या पदात एक आकडा लागतो: पदार्थ चुंबकाला किती दाद देतो? इथे मी राहतो त्या कोलकात्याची आठवण येते. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था तेव्हा बहूबाजारात होती. रामन यांचा १९२८ चा शोध तिथलाच. १९३३ पासून के. एस. कृष्णन तिथे प्राध्यापक होते. क्वार्ट्झच्या बारीक तंतूला स्फटिक टांगायचा, चुंबकक्षेत्रात तो किती वळतो ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत. ते स्फटिक होते, वंगण नव्हे. पण शिस्त तीच हवी: चुंबकाला मिळणारी दाद मोजायची, गृहीत धरायची नाही.

कारण कागदावरच्या कित्येक मॉडेलांत क्षेत्र कडेला शून्य आणि मध्ये जास्त मानलेलं असतं. त्याने गणित सोपं होतं आणि बेअरिंगची ताकद वाढलेली दिसते. आपण हिशेब करून पाहू. नेहमीचा चुंबकी द्रव आणि चांगला कायमचा चुंबक घेतला, तर मिळणारा दाब हवेच्या दाबाच्या काही दशांशाएवढाच. टॉवरच्या काट्याने दाखवला होता तेरा-चौदा पट! म्हणजे जड शाफ्टचं वजन चुंबक उचलणार नाही.

पण तेल धरून ठेवायला तेवढा दाब पुरतो. हार्ड डिस्कच्या शाफ्टभोवती धूळ अडवणारं सील, लाउडस्पीकरच्या कॉइलभोवतीचा द्रव, हे त्याचं सिद्ध झालेलं काम. जवानाला तोफ उचलायला सांगू नये, पहाऱ्यावर उभा करावा. तो चोख पहारा देतो. चुंबकी वंगणाचं मॉडेल वाचाल तेव्हा आधी एवढंच विचारा: यातला कोणता आकडा मोजलेला आहे?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.