पेटीशेजारची खुर्ची

पॅरिस, १८९५. पोर-रॉयाल मॅटर्निटी रुग्णालयात तुम्ही, आजच्या काळातले डॉक्टर, शिरता तेव्हा गळ्यात स्टेथोस्कोप आणि तोंडात पाठ झालेलं वाक्य असतं: "बाळ सीरियस आहे, बहात्तर तास काही सांगता येणार नाही." एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाच्या, दारात उभ्याउभ्या किती आईबापांना तुम्ही ते ऐकवलंत, याची मोजदाद नाही.

इथं अपुऱ्या दिवसांची बाळं उबदार पेट्यांत आहेत. अंडी उबवायच्या यंत्रावरून प्रसूतितज्ज्ञ टार्निए यांनी १८८१ च्या सुमारास त्या आणल्या. बाळं जगू लागली, पण आया दुरावल्या. दूध दाई पाजते, आई घरी. बऱ्याच जणी पुन्हा फिरकतही नाहीत. नवे प्रमुख पिएर ब्युदँ यांना हे खटकतं. आईला दिसावं म्हणून पेटीला काच हवी, दूधही तिचंच हवं, असा त्यांचा आग्रह. काचेला नाक लावून उभी असलेली एक आई तुम्हाला विचारते, "हात लावला तर चालेल?" तुमच्या बहात्तर तासांत या प्रश्नाचं उत्तर नाही.

बॉस्टन, ऑगस्ट १९६३. जेमतेम २.१ किलोचा पॅट्रिक केनेडी साडेपाच आठवडे आधी जन्मलाय, फुप्फुसं कच्ची. त्याला उच्चदाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवलंय. बाप अमेरिकेचा अध्यक्ष, तरी कक्षाबाहेरच. आई शस्त्रक्रियेनंतर लांब, ऑटिस हवाई तळावरच्या दवाखान्यात. दोन दिवसांत बाळ जातं. तेव्हा औषधच नव्हतं, डॉक्टरांना दोष कसला द्यायचा? पण तुम्हाला आठवतात आपल्याकडचे नातेवाईक: "तिला काही सांगू नका, ओली बाळंतीण आहे." तुम्ही मान डोलावता आणि बापाला बाजूला घेता. ती मात्र सगळ्यांचे चेहरे वाचत पडलेली असते, आणि चेहऱ्यांवरून तिला कळतं ते बहुधा खऱ्याहून भयंकर.

बोगोता, १९७९. मातृ-शिशू संस्थेत पेट्या अपुऱ्या, एकेकीत दोन-तीन बाळं, संसर्गाला मोकळं रान. एडगर रेय आणि हेक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी कांगारूकडे बघून वेगळीच वाट धरलीय: बाळ उभं, आईच्या उघड्या छातीशी बांधायचं. गरिबीतून निघालेली युक्ती म्हणून तिला पुष्कळांनी नाकं मुरडली. तुम्ही परिचारिकेच्या हाताकडे बघा. ती कापड आवळतेय आणि बोलतेय, "मान एका कुशीला, हनुवटी किंचित वर. छातीला टेकली तर श्वास अडेल. ओठ निळे दिसले तर पाठ चोळ आणि मला हाक मार."

आई विचारते, "वाचेल ना?"

परिचारिका खुर्ची ओढून बसते. "सकाळचं दूध पचलंय. संसर्गाची भीती अजून आहे. संध्याकाळी मीच येईन, तेव्हा काय बदललं ते सांगेन."

खोटा दिलासा नाही, हात झटकणंही नाही. आज काय बरं आहे, धोका कशाचा आहे, पुन्हा कोण आणि कधी बोलणार, एवढं तिनं सांगितलं. शिवाय आईच्या हाताला काम दिलं. माझ्या मते निम्मं समुपदेशन या कामातच उरकतं. फॉर्मवर सही घेऊन ते उरकल्याची नोंद तेवढी होते.

दिल्ली, २०१८. सफदरजंग रुग्णालयात आईची खाट थेट एनआयसीयूत आलीय. जन्मल्याबरोबर बाळ छातीशी, दिवसाला सतराएक तास. आई थकली की आजी नाहीतर आत्या. भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत मिळून ही चाचणी चाललीय. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून येतील: एक ते १.८ किलोच्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के.

राउंड सुरू होतो. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून तुम्ही वरिष्ठांना सवयीनं इंग्रजीत सांगू लागता, आईच्या डोक्यावरून: ॲप्निया, रात्रीतून दोन.

"तीन वेळा थांबला श्वास," ती म्हणते. इंग्रजी तिला येत नाही, पण तुमची दोन बोटं तिनं पाहिलीत. "पहाटेचं तुम्ही लिहिलंच नाही. पाठ चोळली, मग घेतला त्यानं."

वरिष्ठ तुमच्याकडे बघतात. तुम्ही कोपऱ्यातली खुर्ची ओढता, केसपेपर मांडीवर घेता आणि विचारता, "किती वाजता?"