उलुरूची चढण

अतिथीला देव मानावे, ही आपली जुनी शिकवण. अतिथीने यजमानाच्या घरी कसे वागावे, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी हाच प्रश्न एका खडकावरून कित्येक दशके धुमसत होता.

खडकाचे नाव उलुरू. सपाट तांबड्या माळातून ३४८ मीटर वर आलेला हा वालुकाश्म अनंगू लोकांचे पवित्र स्थान होय. १८७३ साली गॉस नावाचा पाहणीदार तेथे पोचला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मुख्य सचिव हेन्री एअर्स याचे नाव त्या खडकाला देऊन टाकले. त्याला आधीचे नाव असेल, ही शंका त्याला शिवली नसावी! पुढे १९५८ साली प्रवाशांच्या सोयीसाठी हा प्रदेश मूलनिवासींच्या राखीव क्षेत्रातून काढून घेण्यात आला, आणि १९६४ साली चढणाऱ्यांना धरावयास लोखंडी साखळी ठोकली गेली. ज्या वाटेवर ती ठोकली, तीच त्यांच्या परंपरेप्रमाणे 'माला' या पूर्वजांची वाट होती.

अनंगूंची व्यथा केवळ विटाळाची नव्हती, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर असते. या चढणीवर निदान ३७ माणसे मेली. कोणी घसरून, कोणी हृदयविकाराने. ज्यांना ते ओळखतही नव्हते, त्या प्रत्येकाचे दुःख या लोकांनी आपल्या शिरावर घेतले. वर चढणाऱ्यांच्या रांगेला ते 'मिंगा', म्हणजे मुंग्या, म्हणत.

१९८३ साली पंतप्रधान हॉक यांनी भूमी परत करण्याचे व चढण बंद करण्याचे वचन दिले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी भूमी परत मिळाली खरी. पण ती ९९ वर्षांच्या भाड्याने लगेच सरकारला द्यावयाची, आणि चढण चालू ठेवावयाची, अशा अटींवर! मालकी हातात आली, दार लावण्याचा अधिकार आला नाही.

मग उरली ती विनंती. चढणीच्या पायथ्याशी फलक लागला: ही आमची जागा आहे, कृपा करून चढू नका. मनाई नव्हे, तरीही पुष्कळ जण तो वाचून मागे फिरत. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात ठरले की, चढणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २० च्या खाली आले म्हणजे चढण बंद करण्याचा विचार व्हावा. २०११ ते २०१५ या काळात ते शेकडा १६ च्या आसपास उतरले. १२ सभासदांच्या मंडळाने, ज्यात ८ अनंगू होते, २०१७ साली एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ रोजी वाट बंद झाली. आदल्या दिवसापर्यंत चढण्यासाठी लांबच लांब रांगा लागल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे, मनुष्यस्वभाव आहे.

पुढे साखळी उपटली गेली. कित्येक पावलांनी घासून खडकावर उमटलेली फिकट रेघ मात्र दुरूनही दिसते. आणि उद्यानाच्या कचेरीत टपालाने दगड येत राहिले आहेत: पूर्वी कोणी आठवण म्हणून खिशात घालून नेलेले, आता क्षमेच्या चिठ्ठीसह परत केलेले.