मुधोळचं पिल्लू घरी आणताय?

बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने जोपासलेली ही शिकारी जात. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. अंगाने काटक, पण परक्या माणसाला बुजणारी.

पिल्लाची भीड साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात मोडते. नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात. पार्वोच्या धास्तीने बरेच जण पिल्लाला कोंडून ठेवतात आणि पुढे ‘पाहुण्यांच्या अंगावर जातो’ म्हणून कुणाला तरी देऊन टाकतात. त्यापेक्षा जमिनीवर न सोडता, कडेवर घेऊन बाजार, बसस्टँड, शाळा सुटायची वेळ दाखवावी. घरात मिक्सर, कुकरची शिट्टी ऐकू द्यावी. घाबरलं तर पुढे ओढायचं नाही, लांब न्यायचं. लसी पूर्ण झालेल्या एखाद्या शांत कुत्र्याशी घरीच गाठ घालून द्यावी.

शी-शूसाठी झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच अंगणातल्या ठरल्या जागी न्यावं. तिथे केली की लगेच खाऊ. घरात केली म्हणून नाक घासलं तर ते फक्त लपून करायला शिकतं.

कारवान हलतं काही दिसलं की धावणारच. कोंबड्या-शेळ्यांची सवय लहानपणीच, पट्टा बांधून करावी. तरीही मोकळ्या रानात तो हाकेसरशी परत येईल, या भरवशावर राहू नये.