जॉन ब्राउन माथेफिरू, जोतिराव समाजसुधारक

‘गुलामगिरी’ 1873 साली निघाली. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांत जोतिरावांचा फोटो भिंतीवर असतो, पुस्तक मात्र क्वचितच दिसतं. दोस्तहो, निदान अर्पणपत्रिका वाचा. ती अमेरिकेतल्या लोकांना आहे, निग्रो गुलामांची सुटका केली म्हणून. माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत हाच कित्ता गिरवावा, अशी आशा जोतिरावांनी तिथे धरली आहे.

ती सुटका काही अर्जविनंत्यांनी झाली नव्हती. यादवी युद्धात सहा लाखांवर माणसं मेली. सुमारे 1,80,000 काळे सैनिक लढले. त्याही आधी, 16 ऑक्टोबर 1859 च्या रात्री जॉन ब्राउन नावाच्या गोऱ्या म्हाताऱ्याने 21 साथीदार घेऊन हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. (शस्त्रांचा कारखाना म्हणजे काय, ते ऑर्डनन्सवाल्या अंबरनाथकरांना सांगायला नको.) साथीदारांत पाच काळे होते. त्यातला डेंजरफिल्ड न्यूबी बायकोपोरं सोडवायला आला होता. तो तिथेच मेला, आणि बायकोची पत्रं त्याच्याजवळ सापडली. 2 डिसेंबरला ब्राउन फासावर गेला.

1856 साली कॅन्ससमध्ये ब्राउनच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून कापलं होतं, हेही खरं. ते लपवायचं कारण नाही. पण खटल्यात वकिलाने घराण्यातल्या वेडाचा मुद्दा काढला, तेव्हा ब्राउनने स्वतः तो धुडकावला. तरी पुढे कित्येक नामांकित इतिहासकारांनी वेड हेच त्याचं कारण धरलं. अॅलन नेव्हिन्सने 1950 साली त्याच्या डोक्याचीच चिकित्सा केली. मला विचाराल तर प्रश्न साधा आहे. जो माणूस बाईला बाजारात उभी करून विकतो, तिचं पोर दुसऱ्याला विकतो, त्याचं डोकं कुणी का तपासलं नाही? तो म्हणे मळेवाला, सद्गृहस्थ! काळ्या डू बॉइसने मात्र 1909 सालीच ब्राउनचं चरित्र लिहून वेगळी बाजू मांडली होती. याच डू बॉइसला बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं.

आता इकडे या. जोतिराव म्हणजे ब्राउन नव्हेत, त्यांनी शस्त्र उचललं नाही. पण त्यांचं लिखाण काही कमी जहाल नव्हतं. ‘गुलामगिरी’त दशावतार उलटेपालटे केलेत, चिरंजीव म्हणवणाऱ्या परशुरामाला हजर होण्याची नोटीस काढलीय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतिरावांच्या भाषेची टर उडवली. व्याकरण काढलं की मुद्द्याला उत्तर द्यावं लागत नाही, ही भटी युक्ती आपल्या पोरांना कॉलेजात आजही भेटते.

पुढे टर उडवणं परवडेना, तेव्हा दुसरा मार्ग निघाला: समाजसुधारक. 1848 ची मुलींची शाळा, 1868 साली अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद. झालं, रानडे-आगरकरांच्या रांगेत एक खुर्ची दिली. याच जोतिरावांनी 1885 साली रानड्यांच्या ग्रंथकार सभेचं आमंत्रण साफ नाकारलं होतं, ते मात्र धड्यात येत नाही. त्यांचं समग्र वाङ्मय सरकारने छापलं 1969 साली, मरणानंतर 79 वर्षांनी. 1988 साली ‘सोबत’मध्ये पुन्हा निंदा छापून आलीच.

बाबासाहेबांनी शूद्रांवरचा ग्रंथ जोतिरावांना अर्पण केला, त्याला कारण हौद नव्हता. विद्यापीठातल्या अभ्यासकांत त्यांचा विचार म्हणून अभ्यास केला तो 1976 साली गेल ऑम्वेटने आणि 1985 साली रोझलिंड ओ’हॅनलनने. ऑम्वेट जन्माने अमेरिकन. अर्पणपत्रिकेची पोच म्हणायची तर एवढीच आली.

हे सगळं आपल्याला का कळायला हवं? जानेवारी 1974 मध्ये मुंबईत पँथरच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेले. पँथरचा राग पानभर आणि तो दगड अर्ध्या ओळीत, अशी मांडणी मी वाचली आहे. उद्या आपल्यावरही अशीच लिहिली जाईल.

महाडनंतर दीडच महिन्याने, मे 1927 मध्ये, बदलापूरच्या शिवजयंतीला बाबासाहेब अध्यक्ष होते. बदलापूरच्या पोरांनी त्यावर म्हाताऱ्यांनी घरात काय सांगितलं ते लिहून आणावं. पुढच्या अंकात दोन पानं राखून ठेवतो.